पहिलटकरणींसाठी: बाळाला पाजायचं-भरवायचं कसं, आणि ते शिकायचं कुणाकडून

कोकणात बाळंतीण घरात आली की सल्ले द्यायला अर्धी वाडी हजर असते. सासूबाई एक सांगतात, आई फोनवर दुसरं, शेजारची काकी तिसरंच, आणि रात्री दोनला बाळ रडायला लागलं की आपण मोबाईल उघडतो तर तिथे कुणीतरी पावडर विकत असतं. यातलं सगळं चूक नसतं हं. काही गोष्टी सासूबाईंनाच येतात, काही नर्सला, काही आशाताईला, आणि कुणाला काय विचारायचं हे माहीत नसलं की सगळा घोळ होतो. म्हणून ज्या क्रमाने गरज पडते त्याच क्रमाने लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते, पाजणं हे कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं, भरवण्याचं बरंचसं वाचून, विचारून जमतं.

सातव्या महिन्यातच सुरुवात करा

डोहाळजेवणाच्या ओट्या भरून झाल्या की लगेच दोन कामं उरकून घ्या. एक, वाडीत किंवा नात्यात कुणी अंगावर पाजणारी आई असेल तर तिच्याकडे जाऊन बसा आणि नीट बघा, ती बाळाला कसं धरते, मान कुठे, हात कुठे. लाजू नका, विचारलं की बायका आनंदाने दाखवतात. पूर्वी एकत्र घरात हे आपोआप दिसायचं, आता आपल्यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यात पहिलं बाळ जवळून बघितलेलं असतं ते स्वतःचंच.

दुसरं काम कागदाचं. पहिली डिलिव्हरी माहेरी, म्हणजे नाव नोंदवलेलं सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, आणि मग सव्वा महिन्याने नाहीतर तिसऱ्या महिन्यात परत सासरी. या फिरतीत आशाताई हरवते. डिलिव्हरी दवाखान्यात झाली तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाला बघायचं असतं, पण तुम्ही माहेरी आहात हे तिथल्या आशाताईला कळलंच नाही तर ती येणार कशी? म्हणून माहेरी पोचल्या पोचल्या अंगणवाडीत निरोप द्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड बॅगेत सगळ्यात वर ठेवा. मुंबईहून गावी बाळंतपणाला येणाऱ्यांनी तर नक्कीच.

पहिला तास, आणि मग ते अवघड तीन दिवस

नॉर्मल असो की सिझर, जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी लावायचं. सिझरमध्ये आई टेबलावर आडवी असते तेव्हा नर्सला आपणहून सांगावं लागतं, "सिस्टर, बाळाला लावून द्या ना." गर्दीत त्या विसरतात, तर बरोबर आलेल्या बाईला आधीच पढवून ठेवा.

पहिलं पिवळसर घट्ट दूध म्हणजे चीक. आपल्याकडे गाय व्याली की चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटला जातो, आणि बाईचा चीक मात्र काही घरांत अजून "जड पडतो" म्हणून पिळून टाकतात. त्यात बाळाला आजारांपासून वाचवणारे घटक भरपूर असतात, टाकायचा नाही, थेंबन् थेंब द्यायचा.

आणि खरी परीक्षा इथे सुरू होते. पहिल्या दिवशी बाळाचं पोट एका वेळी जेमतेम चमचाभर, ५ ते ७ मिलीच घेतं, म्हणून चीक थोडाच येतो आणि तेवढा पुरतो. भरपूर दूध उतरायला तीनचार दिवस लागतात, सिझर असेल तर कधी थोडे जास्तच. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ रडतं, भेटायला आलेल्या चार बायका म्हणतात "हिला दूधच नाही", घरातलं कुणीतरी मेडिकलमधून डबा आणतं, बाळ बाटलीने पिऊन गाढ झोपतं, सगळे म्हणतात बघ भूक होती. आता पोट भरलेलं बाळ छातीला लागत नाही, ओढलं नाही तर दूध वाढत नाही, आणि चार दिवसांनी खरंच दूध कमी पडतं. म्हणून या तीन दिवसांत एकच करायचं, चोवीस तासांत ८ ते १२ वेळा लावायचं, रात्रीसुद्धा, रात्रीच्या पाजण्याने दूध जास्त बनतं.

कधीकधी डबा खरोखर लागतो, बाळ फार कमी वजनाचं असेल, साखर उतरत असेल, आई सिरियस असेल. तेव्हा डॉक्टर सांगतील ते करायचं आणि त्याची खंत करत बसायची नाही. फक्त कारण विचारा, किती दिवस ते विचारा, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने द्या. घरात जुनं बोंडलं असेल तर तेही चालतं, चोचीतून आतपर्यंत घासून उकळून घेतलं की झालं.

मध चाटवणे, साखरपाणी, गुटी, यातलं काहीही नको. मध तर वर्षभर नकोच, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. गुटीवरून घरात भांडणं होतात ते माहितीय मला. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर तिथूनच जुलाब सुरू होतात, आणि जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ सुस्त पडतं, मग ते प्यायलाही उठत नाही. सहा महिने काहीच नको, पुढे हौस असेल तर डॉक्टरांना विचारून.

छातीला लावणं: हे नर्सकडूनच शिका

दवाखान्यातून निघायच्या आधी किमान एकदा नर्सला समोर उभी करून पाजा आणि विचारा बरोबर लागलंय का. घरी आल्यावर हे कुणी तितकं बारकाईने बघत नाही, सासूबाईंची पिढी नुसतं "घे गे त्याला" म्हणते कारण त्यांना ते जमून गेलेलं असतं.

पाठीला भिंत किंवा उशी, मांडीवर दुमडलेली गोधडी. डाव्या बाजूने पाजायचं असेल तर उजव्या हाताने बाळाला धरा, तळवा त्याच्या खांद्यांमागे, अंगठा एका कानामागे आणि बोटं दुसऱ्या, डोकं मागून दाबायचं नाही. बाळाचं पोट आपल्या पोटाला चिकटलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. निप्पल त्याच्या नाकासमोर आलं पाहिजे, तोंडासमोर नाही. वरच्या ओठाला हलकंसं घासलं की ते तोंड उघडतं, तेव्हा घाई करू नका, मोठ्ठं उघडू दे, मोठा वडापाव खाताना आपण उघडतो तसं, आणि मग हनुवटी आधी टेकेल अशा बेताने बाळाला छातीकडे आणा. आपण बाळावर वाकायचं नाही, पाठ मोडते आणि लागतही नाही नीट.

बरोबर लागलंय कसं ओळखायचं? हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, निप्पलभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो आणि खाली जवळजवळ दिसतच नाही, गाल आत ओढले जात नाहीत, गिळल्याचा बारीक आवाज येतो. पहिले काही सेकंद टोचल्यासारखं होईल ते ठीक, पण सगळा वेळ दुखतंय म्हणजे नुसतं टोक चोखतंय. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घाला, पकड सुटेल, परत लावा. "पहिल्यांदा दुखतंच, सहन कर" हा सल्ला मला अजिबात पटत नाही, त्या सहन करण्यातच भेगा पडतात.

एक बाजू पूर्ण रिकामी होऊ दे, मग दुसरी. शेवटी शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं, वजन त्याने वाढतं. गाठी झाल्या तर पाजणं थांबवायचं नाही, हाताने थोडं दूध काढून मग बाळाला लावा, आणि ताप-थंडी आली, लाल झालं तर दवाखाना.

घरी परत बघायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये आरोग्य आणि पोषणाचे व्हिडिओ आहेत, मराठीतही आहेत, फुकट. बाहुली घेऊन एकदा बघा.

पुरतंय की नाही, याला उत्तर रडण्यात नसतं

बाळ गरम होतंय म्हणून रडतं, ओलं झालं म्हणून, नुसतं जवळ घ्यावं म्हणूनही. पुरतंय का ते लंगोट सांगते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, रंग फिका, म्हणजे पुरतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं, त्यामुळे पाचव्या दिवशी वजन करून घाबरू नका.

मे महिन्यात आमच्याकडे घामाच्या धारा लागतात आणि तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं, "पोराचो गळो सुकता गे, वायच पाणी दी." सहा महिने पाणी नको. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, उन्हाळ्यात जास्त वेळा लावा. पाणी तुम्ही प्या.

बाळंतिणीच्या खाण्याबद्दल मात्र सासूबाईंचं ऐका, अळिवाचे लाडू, मऊ भात-तूप, कुळथाची पिठी, मुडदुशाचं कालवण, छान आहे सगळं. पथ्याच्या नावाखाली भाजी, फळं आणि पाणी तोडायला लागल्या तर तेवढं मानू नका. आणि एक, दूध वाढतं म्हणून मोरी खायला घालतात. मोरी म्हणजे शार्क, असल्या मोठ्या माशांत पारा साठतो. बाळंतिणीने ती टाळलेली बरी, बाळाला तर द्यायचीच नाही.

लावणी, काजू फॅक्टरी, नोकरी

चौथ्या महिन्यात बाळ आणि दारात पाऊस. भाताच्या लावणीला माणूस मिळत नाही, मग बाळ आजीजवळ आणि आई चिखलात. इथेच बऱ्याच जणींचं वरचं दूध सुरू होतं. त्यापेक्षा हाताने काढायला शिका, पंप पाहिजेच असं नाही. हात स्वच्छ, अंगठा वर आणि बोटं खाली इंग्रजी सीच्या आकारात, निप्पलपासून दोनतीन सेंटीमीटर मागे, आधी छातीकडे दाबायचं मग बोटं जवळ आणायची, ओढायचं नाही. आधी थेंब येतात, मिनिटभराने धार लागते. उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. बाहेर आपल्या हवेत चार तासांच्या आत संपवा, फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवलं तर दिवसभर चालेल, पण पावसात लाईट किती वेळ जाते ते बघून ठरवा. देताना गॅसवर ठेवायचं नाही, कोमट पाण्यात डबा ठेवायचा. आजीला चमच्याने पाजायची सवय आधी चार दिवस करून द्या, आयत्या वेळी नाही.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील अशा ठिकाणी पहिल्या दोन बाळंतपणांना कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि परत रुजू झाल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी. कामाचे हजेरीचे दिवस वगैरे अटी आहेत, पण मागायला तर हवं.

उष्टावण: सहावा महिना लागला म्हणजे सहा महिने झाले नाहीत

१० जानेवारीला जन्मलेल्या बाळाला सहावा महिना १० जूनला लागतो, सहा महिने पूर्ण होतात १० जुलैला. घरात मुहूर्त पहिल्याप्रमाणे काढतात, खाणं दुसऱ्याप्रमाणे सुरू करायचं. मामा आलाच असेल तर खिरीचं बोट ओठाला लावून विधी उरकून घ्या, रोजचं खाणं नंतर. फार उशीरही करू नका, सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही, विशेषतः लोह. अंगणवाडीत अन्नप्राशन दिवस असतो, तिथे वाटीत किती आणि किती घट्ट ते प्रत्यक्ष बघायला मिळतं, जरूर जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे बाळाचं पहिलं खाणं म्हणजे पेजेची निवळ नाहीतर वरणावरचं पाणी. त्याने पोट भरतं आणि बाळ वाढत नाही, कारण त्यात जवळजवळ पाणीच असतं. नियम सोपा आहे, चमचा तिरका केला तरी खाणं घरंगळून पडता कामा नये. तोच उकडा तांदूळ, तीच मूगडाळ, पण गुरगुट्या भात करून चमच्याने कुस्करा, वर अर्धा चमचा तूप किंवा घरचं खोबरेल. मिक्सर नको, त्याने बाळ चावायला शिकत नाही.

नाचणीचं सत्त्व मे महिन्यातच करून ठेवा, पापडांबरोबर, कारण एकदा पाऊस लागला की काही सुकत नाही. नाचणी निवडून रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यात बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी मोड येतात, कडक उन्हात वाळवा, मंद भाजा, दळून बारीक चाळा. नाचणीत १०० ग्रॅमला ३०० मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. मोड आणण्याचा अजून एक फायदा आहे, मोडाच्या पिठातली एन्झाइम्स स्टार्च मोडतात, त्यामुळे जास्त पीठ घालूनही खीर गोळा होत नाही, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पोषण जातं. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून मग गॅसवर ठेवा, सतत ढवळा, चकाकी आली की उतरवा. साखर-गूळ-मीठ वर्षभर नको, गोडीला पिकलेलं वेलची केळं कुस्करा, सीझनला आंबा.

सुरुवातीला दोनतीन चमचे, दिवसातून दोनदा. सहा ते आठ महिन्यांत दोनतीन वेळा, हळूहळू अर्धी वाटी, नऊनंतर तीनचार वेळा आणि मध्ये काहीतरी छोटं, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, वाटी साधारण २५० मिलीची धरा. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू. नवीन पदार्थ एकेक द्या, दोनतीन दिवस बघा. लाल भोपळा, रताळं, पालेभाजी, पूर्ण उकडलेलं अंडं सगळं सहा महिन्यांनंतर चालतं. शेंगदाणे, काजूचे तुकडे, फणसाचे गरे अख्खे देऊ नका, अडकतात. गाईचं, म्हशीचं किंवा बकरीचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको.

मासे तर आपल्या दारात आहेत आणि तरी बाळाला वर्ष-दीड वर्ष देत नाहीत. मुडदुसा, पापलेट यांचं मांस मऊ असतं, हळद घालून वाफवा, आणि काटे काढायचं काम आजीला द्या. तिची बोटं जे शोधतात ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही, ताटात मासा पसरवून बोटांनी दाबत दाबत दोनदा चाचपून घेतात त्या. पेडवे, मांदेली लहान बाळाला नकोच, काटा बारीक. जून-जुलैत बंदी असते तेव्हा ताजं मिळत नाही, मग अंडं आणि कुळीथ. खारवलेली सुकी मासळी तान्ह्यांना नको, मिठाने भरलेली असते.

आणि तो चहा! वर्षाच्या पोराला बेकरीतलं कडक बटर चहात बुडवून देतात आणि वर म्हणतात जेवतच नाही. चहाने लोह अंगाला लागत नाही, बटरने भूक मरते. पाच रुपयांच्या पाकिटांबद्दल तर बोलायलाच नको.

जबरदस्तीने, मोबाईल दाखवून भरवू नका, समोर बसा, बोला, तोंड फिरवलं की थांबा. आजारपणात खाणं बंद करायचं नाही, थोडं थोडं जास्त वेळा. जुलाबात ओआरएस आणि १४ दिवस झिंक, आशाताईकडे मिळतं.

घरातल्यांशी कसं वागायचं

"आमी काय पोरां वाढवूक नाय?" याला उत्तर देऊच नका. आशाताई येईल तेव्हा सासूबाईंना शेजारी बसवा आणि तुमचा प्रश्न त्यांच्यासमोर विचारा, सुनेकडून ऐकायला नको वाटतं ते आशाताईकडून चालतं. नवरा मुंबईला असेल तर दुपारचे फोन त्याने त्याच्या आईला करावेत, तो विषय त्याचाच.

डब्याच्या दुधाची, बाटल्यांची आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या खाण्याची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो अजून कडक झाला. फुकट सॅम्पल देणंही त्यातच येतं. त्यामुळे रीलमधली ताई कितीही गोड बोलली तरी पुढे सरका.

वजन दर महिन्याला अंगणवाडीत, कमी कपड्यांत, शक्यतो त्याच काट्यावर. नुसता आकडा ऐकून येऊ नका, कार्डावरच्या तक्त्यात ठिपका मारून घ्या, मुलीचा गुलाबी, मुलाचा निळा. रेघ वर जातेय का ते बघायचं, शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तुलना नको. रेघ आडवी झाली किंवा खाली आली तर पुढच्या महिन्याची वाट न बघता आरोग्य केंद्रात जा. सहा महिन्यांपासून लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली, आशाताईकडे मागा. बेचाळीस दिवसांनंतर ती ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांनाही घरी येते, त्या वेळी खाण्याचेच प्रश्न काढून ठेवा. पंधराव्यानंतर तिच्या ठरलेल्या भेटी थांबतात, पण जीवनसत्त्व अ चा डोस नऊ महिन्यांपासून सुरू होऊन पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो, अंगणवाडीचा पूरक आहार तीन वर्षांपर्यंत घरी मिळतो, तेव्हा कार्ड पत्र्याच्या पेटीत टाकू नका, पावसात भिजणार नाही अशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताशी ठेवा.